‘आण’मधला ण

बुधवारी सकाळी कमळाकर घरत बाल्कनीत स्टुलावर बसले होते. खांद्यावर जुना टॉवेल, डोक्याला कलप. कपाळावर काळा ओघळ उतरला होता, पण तो पुसायचं त्यांना भान नव्हतं, कारण मांडीवर कुरियरने आलेलं पाकीट होतं. त्यांची मुलगी निशा हात पुसत स्वयंपाकघरातून येईस्तोवर त्यांनी ते दातांनी फाडलंही.

आतून काळा टी-शर्ट निघाला. छातीवर पांढऱ्या रंगात एकच अक्षर, ताटलीएवढं. ण.

"शनिवारचा दिसतो," ते म्हणाले. "फेस्टिवलच्या पोरांनी धाडला. पन ण कशाला छापलाय गो?"

निशा पनवेलच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची. ण कशाला छापलाय हे तिला चांगलं ठाऊक होतं. वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवर तिने ते पाहिलं होतं, आणि मुलांना हसताना पाहून स्टाफरूममध्ये जाऊन बसली होती.

निशा जन्मली त्या सुमाराला नव्या शहरासाठी गावाच्या जमिनी गेल्या आणि मोबदला आला. भाऊबंदांनी बंगले बांधले, ट्रक घेतले. कमळाकरांनी पिक्चर काढला, ‘मिठाची आण’, आणि हीरोही स्वतःच झाले. मुंबईहून आणलेला दिग्दर्शक पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "पानी काय? पाणी म्हणा. कोन नव्हे, कोण. तुमच्या गावात ण मिळत नाही का?"

ते त्यांना लागलं. मिठागराच्या बांधावर एकटे फिरत ते ण घोटत राहिले. शुद्ध मराठीत आपल्या न च्या जागी ण असतो, एवढं त्यांनी पक्कं धरलं, आणि मग एकही न जिवंत सोडला नाही. दिग्दर्शक तोवर भांडून निघून गेला होता. बाकीच्यांना कुणाला काही खटकलं नाही. करंजा बंदराच्या धक्क्यावर मरणाऱ्या आईचा हात धरून पडद्यावरचे तरणेबांड कमळाकर शपथ घेतात, "आई, मी वचण देतो. मी येईण. जिवंत णाही तर मेलेला येईण."

पिक्चर आठवडाभरही टिकला नाही. मग एवढ्या वर्षांनी कुठल्याशा लॅबमध्ये त्याची प्रिंट सापडली. कुणीतरी तेवढा तुकडा मोबाइलवर टाकला. पुण्याच्या एका महोत्सवात तो ‘कल्ट’ म्हणून लागला आणि हाउसफुल गेला. लोक ण लिहिलेले पुठ्ठे घेऊन येत, आणि चुकीचा ण आला की उंच करत. कमळाकरांपर्यंत त्यातलं एवढंच पोचलं की हाउसफुल गेला आणि पोरांना डायलॉग पाठ आहेत. आता पनवेलच्या नाट्यगृहात शनिवारी खेळ होता, आणि त्यानंतर त्यांचा सत्कार.

"‘आण’मधला ण आहे, बाबा," निशा म्हणाली.

त्यांनी ते तोंडात घोळवून पाहिलं. "मिठाची आण. हां. बराबर." टी-शर्ट त्यांनी कलपापासून लांब धरला. "शानी पोरं हायत."

लहानपणी निशा त्यांना दादा म्हणायची, आणि तू. पनवेलच्या शाळेत बाई म्हणाल्या, वडिलांना अरेतुरे करतेस? तेव्हापासून बाबा आणि तुम्ही. त्यांना त्याचा केवढा अभिमान. पाहुण्यारावळ्यांना सांगायचे, माजी पोरगी ण बराबर बोलते. स्वतःच्या नावातला ळ त्यांना कधी जमला नव्हता.

"तू पेपरात दुसऱ्यांच्या पिक्चरवर लिवतेस," ते म्हणाले. "माज्या पिक्चरवर कदी बोलली नाय."

"शनिवारी मोठ्या पडद्यावर बघते. मग सांगते."

"बघ हां. पलू नको."

कपाळावरचा ओघळ तिने टॉवेलच्या टोकाने पुसून दिला. तो पुरता गेला नाही.

रात्री ते टी-शर्ट घालूनच झोपले, अंगाला बसतो का बघायला म्हणून. सकाळी चहा गार झाला तरी उठले नाहीत.

आंघोळ घालायच्या वेळी हात वर होईनात, म्हणून टी-शर्ट कात्रीने कापावा लागला. निशानेच कापला. कात्री ण च्या मधोमध गेली. काळ्याभोर केसांकडे बघून शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "नवरदेव दिसतोय गो." दुसरीने पदर तोंडाला लावला. रडण्यासाठी असेल.

महोत्सवाचा वरद संध्याकाळी फोनवर होता. पुण्याचा, पंचविशीतला, हळव्या आवाजाचा. "मॅम, काय बोलू कळत नाहीये. शो रद्द करावा असं आमच्या टीमला वाटत होतं. पण बुकिंग फुल आहे, आणि सरांनाही हेच आवडलं असतं ना? आम्ही ट्रिब्यूट करतोय. तुम्ही याल का?"

नवं पोस्टर त्याने लगेच पाठवलं. कमळाकरांचा फोटो, त्याला संगणकावर काढलेला हार. खाली ओळ: ‘जिवंत णाही तर मेलेला येईण.’ पोस्टरखाली हसून रडणाऱ्या तोंडांची रांग लागली होती.

निशा जाणार म्हटल्यावर भाऊबंद कुजबुजले, सुतकात थेटरात? त्यांना गोदूआत्याने गप्प केलं. ही कमळाकरांची थोरली बहीण. पिक्चर आला तेव्हा बाळंतपणात अडकली आणि तो बघायचा राहून गेला. "भावाचा पिक्चर हाय," ती म्हणाली. "मी पन येतंय. मना पुढं बसव, लांबचं दिसत नाय."

त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. शेजारची खुर्ची कमळाकरांची. तिच्यावर हार घातलेला फोटो. पाठीमागे हॉल खच्चून भरला होता, काळ्या टी-शर्टांनी.

कमळाकरांनी पडद्यावर तोंड उघडलं आणि हॉल फुटला. "मणात येईल ते करीण," म्हणाले, पुठ्ठे वर. "कोणी आडवू णका," पुठ्ठे वर. एकजण ओरडला, "नळाला पाणी सोडा, णळाला!" शिट्ट्या. कुणी हसता हसता खुर्चीतून घसरलं.

आत्या वळून वळून मागे बघत होती. "कशाला हसतान गो ही पोरं?"

"आवडलाय त्यांना," निशा म्हणाली.

आत्याचं तोंड उजळलं. पुढच्या ण ला ती स्वतःही हसली, चार लोकांत मागे राहू नये म्हणून, आणि मग हसतच राहिली. मागच्या रांगेतल्या मुलीने तिला एक जादा पुठ्ठा दिला.

करंजाचा धक्का आला तसा सगळा हॉल उभा राहिला आणि कमळाकरांबरोबर एका सुरात बोलला. मी येईण. मेलेला येईण. त्या आवाजात निशाच्या पोटातूनही काहीतरी उसळून वर आलं. ते हसू होतं. तिने ते खोकल्यात घातलं. शेजारच्या फोटोकडे तिला बघवलं नाही.

दिवे लागले. वरदने तिला हात धरून स्टेजवर नेलं, शाल दिली, माइक दिला. आधी हॉल शांत करून त्याने दोन मिनिटं उभं राहायला लावलं होतं आणि सगळे अगदी नीट उभे राहिले होते. वाईट मुलं नव्हती ती.

"मॅम, एकच विचारतो," वरद म्हणाला. त्याचे डोळे खरोखर ओले होते. "सरांना सगळं माहीत होतं ना? म्हणजे ते आपल्याबरोबरच हसत होते ना?"

हॉल तिच्याकडे बघत होता. हो म्हटलं असतं तर सगळे हलके होऊन घरी गेले असते. बाबाही मोठे झाले असते, स्वतःवर हसणारा दिलदार माणूस म्हणून. ओठांवर हो आलाही होता. पण समोर खुर्चीवर फोटो होता, आणि कलप लावलेल्या त्या केसांखाली, कपाळावर, बुधवारचा ओघळ होता. फोटोत नव्हता तरी होता. शनिवारी सांगते, असं ती म्हणाली होती.

"नाही," ती म्हणाली.

"णाही!" हॉल गरजला. शेकडो पुठ्ठे वर गेले.

ती थांबली. आवाज खाली बसू दिला. "नाही. त्यांना माहीत नव्हतं."

"णा..." अर्ध्या हॉलने उचललं आणि मध्येच सोडलं. मागे कुणीतरी एकटाच हसला आणि गप्प झाला. वरद माइक परत घ्यायला पुढे आला. तिने दिला नाही.

पहिल्या रांगेत गोदूआत्या पुठ्ठा उंच धरून बसली होती. तिचा हात अजून खाली आला नव्हता. चेहऱ्यावर भावाच्या कौतुकाचा केवढा तरी आनंद होता.

निशा फोटोच्या खुर्चीकडे वळली. शाळेत जायला लागल्यापासून ज्या बोलीत ती एक अक्षर बोलली नव्हती, ती जिभेवर जड लागली.

"दादा," ती माइकवर म्हणाली, "तुजा ण चुकलाय रं. ते तुला हसतान."