खुर्चीच्या जागी रिकामा चौकोन

सुतारकाका एकदा हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. आपल्या कामाचं वेबपान करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, वेबपानाचे तयार साचे मिळतात."

"तयार कपाटंही मिळतात," काका गुरगुरले, "मग मी इथे काय झक मारतोय?" आणि वाचनालयातून पुस्तक आणून एकेक टॅग, म्हणजे पानावर काय कसं दिसावं ते सांगणारी कंसातली खूण, हाताने लिहायला बसले. उघडलेला टॅग बंद करायचाच, ही शिस्त त्यांना फार पटली. अर्धवट काम त्यांना कधीच खपलं नाही.

पानावर त्यांनी केलेली कपाटं, टेबलं होती. सगळ्यात वर मात्र एक खुर्ची, आणि ती लेकीने केलेली. वर्षापूर्वी एका गिऱ्हाइकाने त्या खुर्चीचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा काका लेकीच्या देखत "माझीच" म्हणून मोकळे झाले होते. ती भांडलीसुद्धा नाही. आपली हत्यारं उचलून दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. तेव्हापासून फोनवर "बरी आहेस ना?" "आहे." की संपलं.

आता फोटोखाली खरं लिहायला काकांची बोटं धजेनात. गिऱ्हाइकं काय म्हणतील? शेवटी "आमच्या कारखान्यातली खुर्ची" असं गुळमुळीत लिहिलं. पुस्तकात होतं, फोटोच्या टॅगमध्ये आणखी एक ओळ लिहावी. फोटो दिसला नाही तरच ती दिसते. काकांना फोटो लख्ख दिसत होता. म्हणजे ती ओळ वाचणार कोण? तिथे त्यांनी मन मोकळं केलं, पान इंटरनेटवर चढवलं आणि लेकीला नुसता पानाचा पत्ता पाठवला. मग जीव टांगणीला लावून बसले.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"पान बघितलं, बाबा."

"खुर्ची कशी दिसतेय?"

"दिसतच नाहीये. फोटोचा पत्ता तुमच्या कॉम्प्युटरमधला दिलाय, म्हणून तो फक्त तुम्हालाच दिसतोय. मला रिकामा चौकोन."

"आणि चौकोनात?"

लेकीने वाचून दाखवलं. "'ही माझ्या लेकीने केली. माझ्या हातून इतकी चांगली खुर्ची कधी झाली नाही. मी खोटं बोललो.'"

काकांनी पुस्तक पुन्हा जवळ ओढलं.

"फोटो पानासोबत चढवा आणि टॅगमध्ये नुसतं त्याचं नाव लिहा," ती हळूच म्हणाली. "दिसेल. ती ओळ मात्र जाईल."

"थांब जरा."

काकांनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. फोटो चढवला. गुळमुळीत वाक्य पुसलं आणि त्या जागी तीच ओळ टाकली, ठळक करून.

"आता बघ."

पलीकडे कळ दाबल्याचा आवाज आला. मग लेक हसली, की रडली, कोण जाणे.

"बाबा, ठळकचा टॅग बंद करायला विसरलात. तिथून खालचं सगळं पान ठळक झालंय."

"असू दे तसंच," काका म्हणाले. "तू आलीस की बंद कर."