निकाल बाकी आहे

चंद्राबाईंच्या वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. वस्तीच्या वरच्या माळावर एक चपटा दगड आहे. तिथं उभं राहिलं की भाटघरचं पाणीही दिसतं आणि रेंजही येते. त्यामुळे दिवसभराचे निरोप त्या दगडावर एकदमच येऊन पडतात आणि कमरेच्या पिशवीतला फोन थरथरत राहतो. बाई आधी शेळ्या मोजतात, मग फोन काढतात. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही, कारण फोनमधलं कुणी बिबट्यानं उचलून नेल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

वाचता त्यांना येत नाही. फोन मुलाचा, गोरखचा जुना. गोरख शिवऱ्याजवळ एका कंपनीत आहे आणि तिकडंच राहतो. त्यानं नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला, आईच्या नावाचं सिमकार्ड घालून. लेक स्वप्नाली वेल्ह्याकडे दिलेली. ती बोलून निरोप पाठवते. तिच्या फोटोशेजारचं तिकोनी चिन्ह दाबलं की ती बोलते, आणि माईकच्या चित्रावर अंगठा दाबून धरला की आपलं बोलणं तिच्याकडे जातं, एवढं बाईंना तिनं शिकवलं होतं. एके दिवशी बाईंनी असंच ते चिन्ह दाबलं आणि लेकीच्या जागी गावचा पुढारी मानसिंग बोलला.

"रामराम मंडळी," तो म्हणाला. "खचून जायाचं न्हाई. निकाल लागला म्हंजी निकाल संपला असं न्हाई. निकाल बाकी हाय."

तेच त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव होतं. गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं, तेव्हा मानसिंगनं बायकोला उभं केलं. समोर वस्तीवरच्या गेनूची सून प्रगती उभी राहिली आणि अकरा मतांनी निवडून आली. सदस्य मात्र मानसिंगसकट त्याच्या पॅनेलचे बरेच आले. चंद्राबाई त्यांतल्याच एक, म्हणून त्यांचा नंबरही ग्रुपात. त्यांचा वॉर्डही महिलांसाठी राखीव होता, मानसिंगला एक नाव हवं होतं आणि गोरखनं आईचं दिलं. आईला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तेव्हापासून दोन वर्षं या ग्रुपात एकच उद्योग चालला होता: प्रगतीला खाली कसं खेचायचं. आधी फेरमोजणी मागून झाली. मग तिचं तिसरं अपत्य शोधणं सुरू झालं. "तिला एकच पोरगी हाय की वं," कुणीतरी म्हणालं. त्यावर मानसिंग म्हणाला, "नीट बघा." मग निघालं शौचालय. ते नाही असं दाखवायला संपत नावाचा सदस्य प्रगतीच्या घरामागं फोटो काढायला गेला, तर गेनूच्या कुत्र्यानं त्याला शौचालयाच्याच पत्र्यावर चढवला. शौचालय आहे आणि चांगलं मजबूत आहे, याचा याहून भक्कम पुरावा मिळणं अवघड होतं. संपत ते सगळं धापा टाकत ग्रुपात सांगत होता आणि चंद्राबाई माळावर एकट्याच तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पण किती दिवस हसणार? गावानं एकदा बोटाला शाई लावून जे सांगितलं, ते या बाप्यांना दोन वर्षं झाली तरी ऐकू आलेलं नव्हतं. रोज तेच. सकाळी फुलांची चित्रं आणि दुपारी कारस्थान. बाईंना ऐकूनच शिणल्यासारखं व्हायचं.

आपल्या ग्रुपात चंद्राबाईंचा नंबर आहे हे मानसिंगच्या मंडळींना ठाऊक नव्हतं, असं नाही. चांगलं ठाऊक होतं. पंचायतीच्या ऑफिसातही बाई भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेल्या असतातच की. तिथं जसं त्यांच्यादेखत बोलायचं, तसंच इथं. टाईप करायचा सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून सगळे बोलूनच निरोप पाठवायचे. बाई बसली आहे म्हणजे ती ऐकतही असेल, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आईच्या नंबराचा उपयोग नाही म्हणून मानसिंगनं पुढं गोरखलाही ग्रुपात घेतलं, आणि आईचा नंबर राहिला तो राहिलाच.

चंद्राबाईंना त्या ऑफिसात एकदाच कुणी काही विचारलं होतं. पहिलीच मीटिंग होती. प्रगती टेबलामागून म्हणाली, "काकी, तुमच्या वस्तीला काय पायजे?" बाई इतक्या दचकल्या, की मनात होतं तेच तोंडातून निघून गेलं. म्हणाल्या, "वर जनावरांना पान्याचा हौद न्हाई." प्रगतीनं तिथल्या तिथं ठराव मांडला. हात वर करायची वेळ आली तेव्हा मानसिंगनं डोळ्यांनी खुणावलं, आणि चंद्राबाईंनी आपल्याच हौदाच्या विरोधात हात वर केला. मतं सारखी पडली. सरपंचाचं जादा मत होतं म्हणून हौद झाला. आज त्यांच्या शेळ्या त्यातच पाणी पितात, आणि दर वेळी शेळ्यांना तिथं नेताना बाईंना स्वतःची लाज वाटते.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण पितृपंधरवडा लागला आणि दगडावर मानसिंगचा नवा निरोप आला.

"रामराम मंडळी. रस्ता घावला. वस्तीवर गायरानात शेळ्यांचा गोठा हाय. सरपंच असू दे न्हाईतर सदस्य, घरच्यांचं सरकारी जागंत अतिक्रमण निघालं की पद गेलं. त्यो गोठा गेनूनं बांदला, असं चंद्राबाईनं शेजारीन म्हनून लिवून द्यायचं. सही आत्ताच घेऊन ठिवा. अर्ज घटस्थापनेला टाकू."

मग संपतचा आवाज आला. "पर गोठा तर म्हादूनं बांदल्याला."

"म्हादू काय सांगाय येतोय व्हय आता?"

त्यानंतरचा आवाज गोरखचा होता. "आईचं माज्यावर सोडा. तिला वाचता येत न्हाई. मी बोट ठेवीन तितं ती सही करती. रविवारी आण्णांचा म्हाळ हाय, येनारच हाय मी. तेवढं माजं पंचायत समितीच्या तिकिटाचं ध्यानात ठेवा म्हंजी झालं."

चंद्राबाईंनी ते पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा गोरख तेच बोलला.

खोटं त्यात काहीच नव्हतं. वाचता येत नाही, खरं. बोट ठेवलं तिथं सही करतात, तेही खरं. पण ती सही त्यांना गोरखनंच शिकवली होती. निवडणुकीचा फॉर्म भरायच्या आधी पंधरा दिवस तो रोज कंपनीतून वस्तीवर यायचा. आईचं बोट हातात धरून परातीतल्या पिठावर गिरवायचा. नावातला ‘चं’ काढताना त्यांचं बोट घसरायचं आणि दोघंही हसायची. ते पंधरा दिवस बाईंना उभ्या आयुष्यात मिळालेल्या सुखासारखे आठवायचे. आता त्यांना वाटलं, ते शिकवणंही याच्यासाठीच होतं की काय. ह्या विचारानं त्या खाली बसल्या, आणि शेळ्या कुठं गेल्या हे बघायचंही त्या दिवशी राहून गेलं.

गोठा म्हादूचाच, म्हणजे त्यांच्या मालकाचा, गोरखच्या आण्णांचा. पावसाळ्यात वस्तीवर बिबट्या येतो, म्हणून म्हादू आणि गेनूनं तीस वर्षांपूर्वी ठरवलं, की दोन्ही घरच्या शेळ्या एकाच गोठ्यात कोंडायच्या आणि राखणीची पाळी धरायची, आठ दिवस तुमचे, आठ दिवस आमचे. म्हादू गेला तरी पाळी चालू राहिली. निवडणुकीत दोन घरं दोन पॅनेलांत होती, तेव्हाही दिवसभर एकमेकांच्या विरोधात मतं मागून संध्याकाळी गेनू चंद्राबाईंच्या शेळ्या आत घ्यायचा. फक्त त्या दिवसांत तो बोलत नव्हता.

बुधवारी मासिक मीटिंग होती. मीटिंग संपल्यावर प्रगती कपाटाला कुलूप लावताना म्हणाली, "काकी, डोळं का असं दिसत्यात?" दोन वर्षांत तीही वाळली होती. दर महिन्याला तिच्याविरुद्ध काहीतरी अर्ज यायचा आणि तिचा निम्मा वेळ भोरला तहसीलच्या चकरा मारण्यात जायचा. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं तर पोराचं नाव घ्यावं लागलं असतं.

"चुलीचा धूर लागला," त्या म्हणाल्या.

रविवारी गोरख सकाळीच आला. येताना आईला नवी चप्पल आणि बापासाठी हार घेऊन आला. म्हाळाला गेनू जेवायला होता. दर वर्षीच असतो. कावळ्याचं पान पत्र्यावर ठेवलं तसा कावळा लगेच शिवला आणि गेनू म्हणाला, "म्हादूला भूक कदी धरवलीच न्हाई. गोठ्याचा मधला खांब आनला त्या दिवशी बी असंच. निम्म्या वाटंवर खांब टाकला आन भाकरी सोडून बसला." गोरखनं मान वर केली नाही. आईनं वाढलेली खीर त्यानं तशीच ठेवली. ते पाहून चंद्राबाईंना बरं वाटलं. निदान खीर तरी घशाखाली उतरत नाही पोराच्या.

उन्हं कलती झाली तशा त्या शेळ्या घेऊन माळावर गेल्या. मागोमाग गोरख आला. दगडावर टेकला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"आई, एक सही पायजे हुती."

"कशावर?"

"शेळ्यांच्या शेडची योजना आलीया. अर्ज हाय."

"वाच."

त्यानं वाचलं. शेळ्या किती, शेड केवढी, अर्जदार कोण. सगळं मनानं, पण झोकात. मध्ये एका शब्दाला अडखळलासुद्धा, खरंच वाचतोय असं वाटावं म्हणून. चंद्राबाई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. लहानपणी शाळा बुडवून आला की असाच धडा म्हणून दाखवायचा, पुस्तक उलटं धरून.

"ह्यात तुज्या बापाचं नाव हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

तेवढं एक तो खरं बोलला.

चंद्राबाईंनी पिशवीतून फोन काढला. मानसिंगचा आवाज जिथून यायचा ते त्यांना आता डोळे झाकूनही सापडलं असतं. त्यांनी माईकवर अंगठा दाबून धरला. आई स्वप्नालीशी बोलणार असेल असं वाटून गोरख पाण्याकडं बघत राहिला.

"मी चंद्राबाई बोलतीय. सदस्य," त्या म्हणाल्या.  अंगठा त्यांनी आणखी घट्ट दाबला. "गायरानातला गोठा माजा हाय. माज्या मालकानं बांदला. गेनूभावजींच्या शेळ्या पावसाळ्यात तितं असत्यात, पर गोठा माजाच. अर्ज करायचा तर माज्या नावानं करा. पद जानार असंल तर माजं जाऊ द्या. प्रगतीला आता सोडा. दोन वरसं ऐकतीय म्या तुमचं, मला कटाळा आलाय."

त्यांनी अंगठा उचलला.

दगडावर रेंज चांगली आहे. गोरखच्या खिशातला फोन लगेच वाजला. त्यानं तो काढला, कुठल्या ग्रुपात काय आलं आहे ते पाहिलं, आणि हातातला कागद त्याच्या गुडघ्यावरून खाली घसरला. त्यानं तो उचलला नाही. खाली कुठल्या कुठल्या घरांत आता तोच निरोप वाजत असणार. एरवी फुलांच्या चित्रालाही दहा जण हात जोडतात. आज बराच वेळ कुणाचं काहीच आलं नाही. मग गोरख नुसताच पडद्याकडं बघत म्हणाला, "मानसिंगराव ग्रुपातनं बाहेर पडलं."

चंद्राबाईंनी आपला फोन पिशवीत ठेवला.

"आई, तू समदं ऐकलंस?"

"तू बोललास तेवडं तीनदा."

त्याला रडू आलं. तीस वर्षांचा बाप्या, दोन्ही हातांत तोंड घालून दगडावर बसला. चंद्राबाईंना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि रागही तितकाच होता, म्हणून त्यांनी आधी शेळ्या मोजल्या. पुऱ्या भरल्या. मग खाली पडलेला कागद उचलला, झटकला आणि कोरी बाजू वर करून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"लिव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता बोलले तेच. पयल्यांदा तुज्या बापाचं नाव."

"तुजं पद जाईल गं."

"हौद झालाय माजा. लिव."

त्यानं फोनचा आधार देऊन गुडघ्यावर लिहिलं. चार ओळी, पण त्याला खूप वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यानं त्या वाचून दाखवल्या. या वेळी कुठं अडखळला नाही. नाव आलं, गायरान आलं, गोठा आला. मग तो कागद आणि पेन आईपुढं धरून नुसताच उभा राहिला.

"बोट ठेव," चंद्राबाई म्हणाल्या.

गोरखला ते जमेना. बोट कागदावर कुठंच ठरेना. शेवटी त्यांनीच त्याचं बोट हातात धरलं, शेवटच्या ओळीखाली टेकवलं आणि त्याच्यापुढं ‘चं’ काढायला घेतला.