एका हाकेचे सोळा नमुने

पहिली हाक वाऱ्याची गं, दुसरी हाक पाण्याची,
तिसऱ्या हाकेला ओ दे बाई, तिसरी आपल्या माणसाची.

पीठ चाळता चाळता आई हे म्हणायची, चाळणीच्या ठेक्यावर. चाळीस वर्षांनी तो आवाज कानात वाजला तेव्हा तिचे बोट रुग्णाने परिचारिकेला बोलवायच्या काचेवर टेकलेले होते आणि दिवा लागत नव्हता.

बोटाला तिने टाल्कम पावडर चोळली होती. म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी असते, बोट हलके पडते, आणि टेकले न टेकले तोच उचलले जाते. तिने तसेच टेकवले, तसेच उचलले. शेजारी, प्रयोगशाळेत आणून ठेवलेल्या रुग्णालयातल्या खाटेची मोटार घरघरत होती. पडद्यावरची हिरवी रेघ थरथरली, किंचित वर आली, पुन्हा खाली बसली. दिवा लागला नाही. घंटा वाजली नाही.

टेबलावर वॉर्डातून आलेले पत्र होते. खाट क्रमांक चार. रुग्णाचे म्हणणे, आपण काचेला बोट लावले, कोणी आले नाही. यंत्रात नोंद नाही.

दारात साहेब उभे राहिले.

"काय म्हणतंय बाळ?"

"झोपलंय, सर."

"झोपू दे. मागच्या खेपेला रडून रडून वॉर्ड डोक्यावर घेतला होता त्यानं."

ते खरेच होते. तिची पहिली काच फार हळवी निघाली होती. खाटेच्या मोटारीचा विजेचा गोंगाट माणसाच्या अंगातून बोटापर्यंत उतरायचा आणि नुसता हात जवळून गेला तरी काचेला वाटायचे, आपल्याला शिवले. एकाच दुपारी अकरा वेळा घंटा वाजली. परिचारिका आधी धावल्या, मग चालल्या, मग जागच्या उठेनात. शेवटी कोणीतरी घंटेत कापसाचा बोळा कोंबला. त्यानंतर तिने सर्किटला एक नियम घालून दिला: एका नमुन्यावर, म्हणजे स्पर्शाच्या एकाच मोजमापावर, विश्वास ठेवायचा नाही. थोड्या थोड्या अंतराने तीन नमुने घ्यायचे आणि तिन्ही एकच सांगत असतील तरच घंटा वाजवायची. खोट्या घंटा थांबल्या. साहेबांनी पेढे नाहीत तरी चहा पाजला.

"चार नंबरच्या खाटेचं पत्र वाचलंत, सर?"

"वाचलं. बोट निसटतं लागलं असेल. खाली पट्टी चिकटवू, 'तीनदा दाबा'. काम फत्ते."

"आणि तीनदा दाबायची ताकद नसली तर?"

हे ती जरा जास्तच हळू बोलली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले.

"मॅडम, शुक्रवारी मला काचेच्या मंजुरीवर तुमची सही हवीय. एवढं आटवलेलं दूध आहे, आता त्यात मिठाचा खडा नका टाकू."

ते गेले. काचेवर पावडरीचा ठसा राहिला होता, पुसट, अर्ध्या बोटाचा. तो तिने पुसला नाही.

बुधवारी दुपारी ती बुटांच्या खोक्यात काच आणि बोर्ड घालून ताईकडे गेली. आई ताईकडेच असते. वर्षभरापूर्वी तिच्यासाठी मोटारीची खाट आणली आहे, बटण दाबले की डोक्याकडची बाजू वर येते.

"या, ससाणेबाई!" ताईने दार उघडले. "फोन चार दिवस वाजवतेय. ऐकू येत नसेल, म्हणा."

ससाणा हे नाव वडिलांनी ठेवलेले. ती दहा वर्षांची होती. आई माळ्यावरचा डबा काढताना स्टुलासकट पडली. उजवा हात अंगाखाली अडकला, पाय उचलेना. घरात दुसरी फक्त हीच होती, पलीकडच्या खोलीत, काड्यापेटीवर तांब्याची तार गुंडाळत बसलेली. पाऊण तासाने ताई शाळेतून आली तेव्हा सगळ्यांना कळले. पाय बरा झाला, पण हाताच्या तीन बोटांतली जाणीव गेली ती गेलीच.

"हाक नाही का मारलीस?" वडिलांनी आईला विचारले.

"मारली असेल," आई म्हणाली.

"आणि तुला ऐकू नाही आली?"

"नाही," ही म्हणाली.

महिन्याभराने घरात पुन्हा हसू आले, तेव्हा वडील म्हणाले, "आमची धाकटी म्हणजे बहिरी ससाणा. नजर तेज, कानाच्या नावानं शंख!" नाव चिकटले. थट्टेचे पांघरूण घेऊन खोटे चाळीस वर्षे उबेत झोपले. वडील गेले, नाव राहिले. घरात सगळेच तिला त्या नावाने हाक मारत. आई तेवढी धाकटीच म्हणे.

हाक आली होती. एकच. "धाकटे!" तिने तार चिमटीत धरून ठेवली आणि दुसरीची वाट पाहिली. मग तिसरीची. एक्केचाळीस वेढे झाले होते. कोणी बोलेना तेव्हा तिने बेचाळिसावा घातला.

आता तिने खाटेच्या प्लगातच बोर्ड जोडला, मोटार चालू ठेवली आणि काच आईच्या मांडीवर दिली.

"काय करू?"

"बोट लाव. नेहमीसारखं."

आईने उजव्या हाताचे मधले बोट टेकवले. त्या बोटाला काच लागली की हवा, हे तिला पाहिल्याशिवाय कळत नसे, म्हणून ती मान वाकवून पाहत होती. दिवा लागला नाही.

"नाही लागला वाटतं."

"राहू दे, आई."

"राहू दे कशाला? लावते की आणखी. मला तीनदाची सवय आहे."

ते खरे होते. पडल्यापासून आईला ती खोडच लागली होती. कोणालाही बोलवायचे तर नाव सलग तीनदा घ्यायची, एका दमात: धाकटे, धाकटे, धाकटे. ताई म्हणायची, आईची तबकडी अडकते.

तिसऱ्या खेपेला दिवा लागला. ताई टाळी देत हसली. "ससाण्याचं पिल्लू शेवटी ससाणाच! ठार बहिरं!"

आई हसली नाही. तिने काच उलटी करून मागचे सर्किट पाहिले, जसे पोराचे कान मागून धुतले आहेत का ते पाहावे तसे, आणि सरळ करून परत दिली.

गुरुवारी सकाळी सातला ती प्रयोगशाळेत होती. तिनाचा नियम तिने पुसून टाकला. मग नुसती मोटारीची घरघर ऐकत बसली. ठेका एकसारखा होता. सर्किटही एकसारख्या अंतराने नमुने घेत होते, म्हणजे एकदा गोंगाटाच्या खड्ड्यात पाय पडला की दरवेळी त्याच खड्ड्यात. ती बोटांनी टेबलावर ठेका धरू लागली, आणि मुद्दाम चुकवू लागली.

दुपारपर्यंत नवीन नियम तयार होता. बोटाचा नुसता संशय आला की काचेने स्वतःच कान टवकारायचे. त्याच एका स्पर्शात, बोट उचलायच्या आत, सोळा नमुने घ्यायचे, अंतरे वेडीवाकडी ठेवून. सगळ्यात मोठे चार फेकायचे, सगळ्यात लहान चार फेकायचे. मधले आठ काय म्हणतात त्यावर ठरवायचे.

शुक्रवारी दिवसभर मोटार चालू ठेवून तिने काच तपासली. संध्याकाळी साहेब आले. तिने बोटाला पावडर लावली आणि काचेला निसटते शिवली. घंटा वाजली.

"आणि खोट्या किती?"

"आज दिवसभरात एक."

"काल-परवापर्यंत एकही नव्हती."

"हो."

"मग ही प्रगती म्हणायची का?"

"एक राहू दे, सर. एक खेप फुकट गेली तर परिचारिकेचे पाय दुखतील. एवढंच."

साहेबांनी पावडरीच्या डबीकडे पाहिले. मग त्यांनी सहीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"नव्या सर्किटचा नवा कागद लागेल. म्हणजे शुक्रवारचा सोमवार झाला," ते म्हणाले. "वर कोणी विचारलं तर मी बहिरा. तुमच्याकडूनच शिकलो म्हणेन."

"माझ्याकडून?"

"परवा तुमच्या ताईंचा फोन इथं आला होता. 'आमच्या ससाण्याला द्या' म्हणाल्या. मी अर्थ विचारला."

ती वायर गुंडाळू लागली.

शनिवारी दुपारी आई उशीला टेकून बसली होती. काच पुन्हा मांडीवर. ताई स्वयंपाकघरात डबे लावत होती. मोटार घरघरत होती.

"लाव," ती म्हणाली.

आईने मान वाकवली, बोट टेकवले, उचलले. दिवा लागला. पण सवयीने बोट दुसऱ्यांदा निघालेच होते. ते काचेवर वीतभर उंचीवर थांबले.

"अगं, लागला."

"हो."

"एकाच हाकेला?"

"एकाच. बोलावणाऱ्यानं एकदाच बोलवायचं. सोळा वेळा ऐकायचं ते ऐकणाऱ्यानं."

आईने बोट खाली घेतले नाही. दिव्याचा हिरवा उजेड त्याच्या टोकावर पडला होता.

"लागला का गं ससाण्या?" आतून ताई ओरडली.

तिने वाकून खाटेचा प्लग काढला. घरघर थांबली, दिवा मालवला. मग ती खाटेच्या कडेला बसली आणि आईचे ते अधांतरी बोट आपल्या मुठीत घेतले, जरी त्या बोटाला ते कळणार नव्हते.

"मी ऐकली होती, आई," ती म्हणाली. "एकदाच मारलीस. मी तिसरीची वाट बघत बसले."