सोबत कोण

घड्याळजींनी श्वास रोखला आणि चिमट्यात धरलेला पतंगाचा पाय त्याच्या अंगाला अलगद चिकटवला. डिंक वाळेपर्यंत हात हलता कामा नये. तीस वर्षं घड्याळांच्या पोटात डोकं घातलेल्या माणसाला ते जड नव्हतं. पण खांद्यावरून कुणीतरी वाकून बघतंय असं वाटून ते मागं वळले. मागं नुसतं कपाट होतं.

निसर्ग मंडळाचे सभासद होऊन त्यांना तीन महिने झाले होते. त्यांची लेक कॉलेजपासून याच मंडळात. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिनं जमवलेले पतंग मात्र काचेच्या पेट्यांत राहिले, कुणाचा पाय मोडलेला, कुणाची मिशी गळालेली. "हे काम तुमच्याच हातचं आहे," असं मंडळाच्या सेक्रेटरी बाई म्हणाल्या, म्हणून ते आले.

पहिल्याच दिवशी मंडळी उठून उभी राहिली. एक वयस्क सभासद म्हणाले,

"तुम्ही कसले नवे? लेकीबरोबर पहाटे टेकडी चढणारा बाप! नाहीतर आमचे चिरंजीव, रविवारी दहाला तोंड धुतात."

घड्याळजींना काही उमजेना. पेटी उघडल्यावर उलगडा झाला. मंडळाचा नियम कडक होता, एकट्यानं कुठं जायचं नाही. प्रत्येक टाचणीखालच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, कोणी पाहिला आणि सोबत कोण. सोबतीचा रकाना रिकामा असेल तर नोंद बाद. लेकीच्या एकतीस चिठ्ठ्यांवर त्या रकान्यात एकच शब्द होता, बाबा.

ते एकदाही गेले नव्हते. "येता का, बाबा?" ती दर शनिवारी विचारायची आणि डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणायचे, "पुढच्या रविवारी नक्की." रविवार म्हणजे गिऱ्हाइकांचा दिवस. आता तीन महिने ते तोंडात मिठाची गुळणी धरून पाय चिकटवत होते. रोज वाटायचं, सांगून टाकावं. पण सांगितलं तर एकतीसच्या एकतीस नोंदी बाद. लेकीचं एवढंच तर मागं उरलं होतं.

त्या दिवशी दुपारी पेट्या तपासायला विद्यापीठातले एक तज्ज्ञ आले. एका हिरव्या पतंगापाशी ते बराच वेळ थांबले.

"हा या भागात आजवर कुणालाच दिसलेला नाही. आणि नमुना काय, कुठूनही आणता येतो. इथं सापडला हे सांगणारं कुणी हवं, नाहीतर ही नोंद काढावी लागेल." त्यांनी चिठ्ठी वाचली. "सोबत तुम्हीच होतात ना?"

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला.

"हो."

"कुठं बसला होता?"

"पाण्याच्या जुन्या टाकीवर. सावलीच्या बाजूला." आणि मग शब्द येतच गेले. पंख ओले होते. ते वाळेपर्यंत ती तासभर उकिडवी बसून होती. शेवाळाच्या रंगामुळे आधी दिसलाच नाही, हललं तेव्हा कळलं. हे सगळं ती जेवताना सांगायची आणि ते नुसतं हं हं करायचे. आपण ऐकत होतो, हे त्यांना आज कळत होतं.

"तुम्ही कुठं उभे होतात?"

"तिच्या मागं," घड्याळजी म्हणाले. "दोन पावलांवर."

तज्ज्ञांनी मान डोलावली आणि वही पुढं केली. घड्याळजींची सही वाकडी आली.

पाहुणे गेले. सेक्रेटरी बाई पेट्या कपाटात ठेवू लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"या हिरव्याच्या चिठ्ठीवरच्या तारखेला सकाळी मी तुमच्या दुकानात होते. भिंतीवरचं घड्याळ घेऊन."

घड्याळजी खुर्चीतून उठले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"चिठ्ठी हातात आली तेव्हाच तिला विचारलं होतं. म्हटलं, खोटं का लिहिलंस गं?"

"मग?"

बाईंनी कपाटाला कुलूप लावलं. किल्ली पिशवीत टाकायला त्यांना जरा वेळच लागला.

"म्हणाली, खोटं नाही हो बाई. बाबा येणारच आहेत. मी नुसतं आधी लिहून ठेवलंय."