आखूड दांड्याची मोटर

"मासे कुठे धरता?" दुकानातल्या दाढीवाल्या विक्रेत्याने विचारलं, तेव्हा व्हर्लिन हॉगस्टाडने आधी मागे वळून पाहिलं. मागे रबरी बुटांची मांडणी होती. मांडणीपलीकडे कुणी कान देऊन उभं असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती.

"पाण्यात," तो म्हणाला.

विक्रेत्याने समजूतदारपणे मान हलवली. अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात होडीचं सामान विकणाऱ्याला असली उत्तरं ऐकायची सवय असते. नेमकी जागा नकोच, म्हणाला, पाणी कसलं तेवढं सांगा. लव्हाळ्यातलं शांत पाणी असेल तर होडीच्या नाकावर बसवायची विजेची मोटर आखूड दांड्याची पुरते. मोकळ्यावर, जिथे लाटा उठतात तिथे, लांब दांडा हवा. नाहीतर होडीचं नाक वर उचललं गेलं की पंखा पाणी सोडून हवेत फिरतो.

व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. तो मासे धरी त्या एंगेबो तळ्याला मोकळं पाणी एकाच अंगाला आहे. 'मोकळ्यावर' म्हणणं म्हणजे निम्मा पत्ता देऊन टाकणं.

"लव्हाळ्यात," तो म्हणाला.

मग विक्रेत्याने उत्साहाने एक भारी मोटर दाखवली. बटण दाबलं की ती उपग्रहाला विचारून होडी एकाच जागी धरून ठेवायची; वर ती जागा कायमची लक्षातही ठेवायची. कुणाच्या लक्षात, असं व्हर्लिनने विचारलं. मोटरच्या, असं उत्तर आलं. मोटर लक्षात ठेवते आणि उपग्रहाला काही कळत नाही, यावर विश्वास ठेवण्याइतका व्हर्लिन अजून म्हातारा झालेला नव्हता. त्याने पायाने चालवायची, कुणाशीही संबंध न ठेवणारी, साधी, आखूड दांड्याची मोटर घेतली.

नॉर्डाल गावात व्हर्लिनने आयुष्यभर घरांच्या टाक्यांत गॅस भरणारा टँकर चालवला. घरोघरी जाणाऱ्या माणसाचं काहीच खाजगी राहत नाही. त्याची साखर किती, मुलगी डेन्व्हरहून का येत नाही, चर्चमध्ये तो कितव्या ओळीला पेंगतो, सगळं गावाला पाठ होतं. गावाला ठाऊक नसलेली एकच गोष्ट त्याच्या मालकीची होती: तळ्याच्या आग्नेयेला, मोकळ्या पाण्याखाली बुडालेला एक खडक. तरुणपणी होडीचा नांगर खरवडला म्हणून सापडलेला. त्याच्या कडेला वॉलाय मासे असे उभे असत, जणू व्हर्लिनचीच वाट बघत. लांबून एखादी होडी दिसली की तो गळ वर ओढून घेई आणि निसर्ग बघतोय असा चेहरा करी. चारी बाजूंनी उघड्या पाण्यात मधोमध बसलेला माणूस कुणाला दिसत नाही, याची त्याला खात्री होती.

गेल्या शरद ऋतूत खांद्याचं ऑपरेशन झालं. मागचं छोटं इंजिन होडी खडकापर्यंत नेऊ शकत होतं. पण वाऱ्यात तिला तिथे थोपवून धरायला नांगर हवा, आणि नांगर ओढायला खांदा. तेव्हा नांगराचं काम करणारी ही मोटर बसली तर खडक, नाहीतर खुर्ची आणि टीव्ही.

ती बसवायला दोन माणसं लागतात. एकाने होडीच्या नाकावर भोकं पाडून वरून बोल्ट घालायचे, दुसऱ्याने फळीखाली उताणं शिरून पान्याने नट धरायचा. व्हर्लिनच्या बायकोने, आर्डिसने, त्याला न विचारता शेजारच्या डेलमर टोलेफ्सनला फोन केला. डेलमर लगेच आला. इतक्या लगेच, की तो फोनचीच वाट बघत असावा, हे व्हर्लिनच्या नजरेतून सुटलं नाही. येताना स्वतःचा पाना आणि बायकोने केलेल्या रुबार्बच्या वड्या घेऊन आला. कॉफी नको म्हणाला. मोबदला विषयच नाही म्हणाला. माशांबद्दल तर इतक्या वर्षांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं. ज्याने एकदाही विचारलेलं नाही, त्याला जाणून घ्यायची केवढी हाव असेल, याचा हिशेब व्हर्लिनने केव्हाच करून ठेवला होता.

बॅटरी मागे ठेवून झाली, वजन बरोबर व्हावं म्हणून. मोटरची बैठक नाकावर टेकवून पेनाने खुणा केल्या. डेलमर फळीखाली शिरला. आता त्याचे फक्त बूट दिसत होते. व्हर्लिनने ड्रिल उचललं.

"व्हर्लिन," बूट म्हणाले.

"काय?"

"दांडा आखूड आहे रे."

"लव्हाळ्याला पुरतो."

खाली पाना टेकल्याचा आवाज आला. "लव्हाळ्याला पुरेल. खडकावर नाही पुरायचा. वायव्येचा वारा लागला की पंखा बाहेर येईल बघ."

व्हर्लिनने ड्रिल खाली ठेवलं. "कुठला खडक?"

"अजून भोक पडलं नाहीये. दुकानवाला बदलून देईल. माझ्या गाडीने जाऊ हवं तर."

"कुठला खडक, डेलमर?"

"अरे, आमच्या मोरीच्या खिडकीतनं तळं दिसतं," बूट ओशाळून म्हणाले. "भांडी घासताना माणूस बाहेर बघणारच की."

व्हर्लिनने सगळ्या बाजूंनी विचार केला. मोटर बदलली, तर ती कबुली. डेलमरने अंधारात खडा मारला होता आणि आता तो खड्याचा आवाज ऐकायला कान लावून पडला होता. वड्या कशासाठी होत्या ते आता कळलं.

"मी लव्हाळ्यात धरतो," तो म्हणाला.

"बरं."

"पहिल्यापासून लव्हाळ्यातच."

"बरं म्हटलं ना."

"मग नट धर."

डेलमरने नट धरला. काम चोख झालं. बैठक तसूभर हलेना. डेलमर कपडे झटकून घरी गेला. बदलून आणायला काय झालं होतं, असं आर्डिसने जेवताना विचारलं, आणि बटाटे पुढे सरकवत पुस्ती जोडली, "तुझा खडक काय कुणी पळवून नेणार आहे?"

"तुला कुणी सांगितलं खडक आहे म्हणून?"

आर्डिसने बटाटे स्वतःलाच वाढून घेतले.

मासेमारीचा हंगाम उघडला त्या सकाळी वारा वायव्येचाच होता. खडकावर होडीचं नाक उचललं गेलं, पंखा हवेत आला आणि मोटर अशी किंचाळली की लांबवरच्या होड्यांतली डोकी वळली. नाक आपटलं, पुन्हा उचललं, पुन्हा किंचाळी. होडी कागदासारखी वाहत गेली. व्हर्लिनने निसर्ग बघण्याचा चेहरा केला आणि मागचं इंजिन सुरू केलं.

तेव्हापासून तो लव्हाळ्यात बसतो. तिथे मोटर झकास चालते, पायाच्या नुसत्या इशाऱ्यावर, आवाज म्हणून नाही. मासे बोटाएवढे लागतात, ते तो परत सोडतो. बरोबर दुर्बीण नेतो. आज ना उद्या डेलमर खडकावर येणार, आणि त्याला रंगेहाथ पकडायचं, एवढं एकच काम आता उरलं आहे.

डेलमरची होडी रोज सकाळी येते. खडक जवळ आला की तो इंजिन हळू करतो, कुणाचा गळ पाण्यात असताना करावं तसं, लाट उठू नये म्हणून. त्या रिकाम्या पाण्याला लांबून वळसा घालतो आणि पलीकडे गेल्यावरच वेग घेतो.

एका सकाळी वळसा घेता घेता त्याने टोपी जराशी उचलली. व्हर्लिनने दुर्बीण खाली घेतली, पायाने मोटर हलकेच दाबली आणि होडी लव्हाळ्यात आणखी आत नेली.