दाराला टेकवलेला खराटा

मित्रांनो, मी एक जुना उतारा आहे. सातबाराचा नाही आणि विंचवावरचा तर मुळीच नाही. मी शाळेतला उतारा. जाड, पिवळट पुठ्ठ्याचं एक कार्ड, पुढे आठ वाक्यं, मागे तीन प्रश्न आणि कोपऱ्यात माझा क्रमांक, तेवीस. एवढाच माझा संसार.

माझा जन्म हेलसिंकीतल्या एका छापखान्यात झाला. एका खोक्यात आम्ही साठ भावंडं होतो. कुणाच्या पोटात अस्वल होतं, कुणाच्या पोटात होडी. माझ्या पोटात एक आत्या होती. तुम्हीच वाचा.

'मार्टा आत्या पहाटे उठली. तिने पाव भाजून टोपलीत भरला. मांजराला दूध घातलं. चुलीतले निखारे राखेत दाबले. बाहेर येऊन पायऱ्या झाडल्या आणि खराटा दाराला तिरका टेकवला. दुपारी पोस्टमन आला, त्याने खराटा पाहिला आणि शीळ घालत तो पुढे गेला. संध्याकाळी खराटा पुन्हा कोपऱ्यात उभा होता. आत्याच्या घरातून कॉफीचा वास येत होता.'

मागे प्रश्न. एक, उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती? दोन, पोस्टमन न थांबता पुढे का गेला? तीन, यावरून मार्टा आत्याबद्दल काय अनुमान काढता येईल?

उत्तरं माझ्यापाशी नव्हती. ती उत्तरपुस्तिकेपाशी होती. उत्तरपुस्तिका अंगाने पातळ, पण तिचा रुबाब जाडजूड. मुलांनी तिला हात लावायचा नाही असा नियमच होता. प्रश्न आम्ही विचारायचे आणि उत्तरं तिने द्यायची, अशी आमच्यात कामाची वाटणी. माझा अर्थ काय, हे मला तिच्याकडूनच कळलं. एक, स्वच्छतेचे महत्त्व. दोन, झाडलेल्या पायऱ्या बुटांच्या चिखलाने खराब होऊ नयेत म्हणून. तीन, आत्या अत्यंत टापटिपीची आहे.

मला त्यात काही खटकलं नाही. आपल्या पोटात काय आहे ते दुसऱ्याने सांगावं आणि आपण मान डोलवावी, ही रीत फक्त पुठ्ठ्यांतच आहे असं नाही.

आमचं खोकं पोहोचलं ते पार उत्तरेला, कुर्कीलाम्पी नावाच्या गावी. तळ्याकाठी वीसेक घरं आणि चौदा मुलांची शाळा. पहिल्याच दिवशी एका मुलाने मला वाचलं आणि पाटीवर लिहिलं, 'आत्या घरी नाही.' शेजारच्या मुलीनेही तेच लिहिलं. चौदाच्या चौदा पाट्यांवर तेच.

त्या गावात दाराला कुलूप हा प्रकारच नव्हता, मित्रांनो. घराबाहेर पडताना माणसं दाराला बर्चच्या काटक्यांचा खराटा तिरका टेकवत. खराटा दाराला म्हणजे घरी कोणी नाही, संध्याकाळी या. खराटा कोपऱ्यात म्हणजे माणूस घरात आहे, कॉफी चुलीवर आहे, बूट काढा आणि आत या. चार वर्षांच्या पोरालाही हे वाचता येई. अक्षरं नंतर यायची.

शाळेच्या लेम्पीबाईंनाही हे ठाऊक होतं. पण गुण पुस्तिकेप्रमाणे द्यायचे होते. बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला आणि मग मुलांना म्हणाल्या, "खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. लिहायचं काय ते पुस्तकाला ठाऊक आहे. दोन्ही लक्षात ठेवा, आयुष्यात उपयोगी पडेल."

पुढे नऊ वर्षं हेच चाललं. मोठी मुलं धाकट्यांना सांगत, "तेविसाव्याला स्वच्छता लिही आणि गप्प बस." सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडत. माझं कौतुक होई. मी सोपा उतारा म्हणून ओळखला जाई. आणि मला मात्र हळूहळू वाटू लागलं होतं, की मला सगळे ओळखतात, वाचत कोणीच नाही.

मग इर्मेली आली.

इर्मेली नऊ वर्षांची होती आणि अगदी सावकाश वाचायची. एकेका शब्दावर थांबायची, बर्फावरून चालताना पाय ठेवण्याआधी माणूस थांबतो तशी. वार्षिक तपासणीत तिचा कागद मागे पडला आणि शहरातून पत्र आलं. शाळा तपासणारे साहेब स्वतः येऊन मुलीचं वाचन तपासतील. कमी पडली, तर तिला शहरातल्या मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात घालतील. म्हणजे दीडशे किलोमीटरवर, परक्या घरी राहायचं आणि नाताळला नि उन्हाळ्यात तेवढं परत यायचं. तिची आई ते पत्र हातात घेऊन शाळेत आली होती. बाईंच्या टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव ठेवला आणि गेली.

मार्चच्या एका लख्ख दुपारी लिंडरूस साहेब मोटारीतून उतरले. माणूस वाईट नव्हता. स्वच्छ होता, वेळेवर आला होता आणि त्यांना कुठलाही उतारा चालणार होता. त्यांनी खोक्यात हात घातला आणि मला काढलं.

लेम्पीबाईंनी श्वास सोडला. तेविसावा, सगळ्यांत सोपा. त्यांनी इर्मेलीकडे पाहून ओठांनीच 'स्वच्छता' असं म्हटलंसुद्धा.

इर्मेलीने मला वाचायला चार मिनिटं घेतली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"बोल. पोस्टमन पुढे का गेला?"

"आत्या घरी नव्हती."

"नीट विचार कर. पायऱ्या कशा होत्या?"

"झाडलेल्या होत्या. पण ती घरी नव्हती."

"मुली," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "आत्या घरी नाही असं उताऱ्यात कुठे लिहिलंय ते मला दाखव बरं."

"लिहिलेलं नाही," इर्मेली म्हणाली. "टेकवलेलं आहे."

साहेबांनी उत्तरपुस्तिका उघडली, तेविसावी ओळ पाहिली आणि आपल्या कागदावर एक फुली मारली. "पुस्तकात नाही ते मुलगी मनाने घालते," ते बाईंना म्हणाले. "अशा मुलांना वेगळ्या वर्गात बरं पडतं."

"साहेब, आमच्याकडे खराटा म्हणजे..."

"बाई, तुमच्याकडे काय ते मी तपासायला आलेलो नाही. वाचन तपासायला आलोय." आणि अहवालाला पुरावा म्हणून त्यांनी मला कोटाच्या खिशात टाकलं.

इथून पुढची हकिगत मी खिशातून पाहिली. खिसा उथळ होता, माझा वरचा कोपरा बाहेर होता.

साहेबांची मोटार शाळेबाहेर वितळत्या बर्फात चाकांपर्यंत रुतली होती. "तळ्याकाठच्या पिवळ्या घरातल्या यालमारी काकांकडे ट्रॅक्टर आहे," बाई म्हणाल्या. "सोबत एखादं मूल देते."

"एक घर मला सापडेल," साहेब म्हणाले.

घर सापडलं. दाराला खराटा तिरका टेकवलेला होता. मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा आहे, मला घाम येत नाही, पण तेव्हा आला असावा. माझं पाचवं वाक्य माझ्यासमोर उभं होतं. साहेबांनी ते वाचलं नाही. उचललं आणि टापटिपीने कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मग दार वाजवलं. थांबले, पुन्हा वाजवलं. दहा मिनिटांनी ते कंटाळून घरामागे कुणी दिसतं का ते पाहायला गेले.

तेवढ्यात, हे मला मागाहून कळलं, शेजारच्या हिल्याकाकू उसनं नेलेलं पातेलं परत करायला आल्या. खराटा कोपऱ्यात. म्हणजे यालमारी घरात. त्यांनी हाक मारली, ओ नाही. बूट काढून आत गेल्या. चूल थंड, माणूस नाही. आता तुम्हीच अनुमान काढा. खराटा सांगतो माणूस इथेच आहे, आणि माणूस तर नाही. कुर्कीलाम्पीत माणसाच्या शब्दावर एखादे वेळी शंका घेत, खराट्यावर कधी नाही. काकूंनी न्हाणीघर पाहिलं, विहीर पाहिली. मग त्यांची नजर तळ्याच्या बर्फावर गेली. तिथे यालमारी काकांनी मासे धरायला पाडलेलं भोक होतं.

अर्ध्या तासात सगळा गाव बर्फावर उतरला. दोर आले, शिडी आली, शाळा सुटली. पाद्रीबाबांनी टोपी काढली, मग गार लागलं म्हणून पुन्हा घातली. लिंडरूस साहेबही दोर धरून उभे होते. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. हिल्याकाकू भोकाशी गुडघे टेकून रडत रडत शिव्या देत होत्या. "म्हाताऱ्या, सांगत होते ना तुला, मार्चात बर्फावर जाऊ नकोस म्हणून. आता तुझी मांजर कोण सांभाळणार?"

इर्मेली रडत नव्हती. ती सावकाश एकेका माणसाकडे पाहत होती, एकेका शब्दाकडे पाहावं तशी. ती साहेबांपाशी येऊन थांबली. त्यांच्या लोकरी हातमोज्यात बर्चच्या काटक्यांचे बारीक तुकडे अडकले होते आणि एक वाळकं पान.

"साहेब, तुम्ही खराटा हलवलात का?"

"अं? हो. दारात आडवा येत होता. कोपऱ्यात ठेवला."

बर्फावर इतकी शांतता पसरली की खालचं पाणी ऐकू यावं. पाणी ऐकू आलं नाही. ट्रॅक्टर ऐकू आला. जंगलाच्या वाटेने लाकडं भरून यालमारी काका येत होते. काठाशी थांबून त्यांनी सगळा गाव, दोर, शिडी आणि पाद्रीबाबा पाहिले.

"कोण बुडालं?" त्यांनी विचारलं.

"तू," हिल्याकाकू म्हणाल्या.

काकांनी थोडा विचार केला. "मग कॉफी ठेवायला कोणीतरी जा. मला आता जमायचं नाही."

पहिलं हसू पाद्रीबाबांना फुटलं. मग तळ्यावर जी काही हसाहस झाली, तिने बर्फाला तडा कसा गेला नाही हे नवल. शिडीवर शिडीवाले बसले, दोरवाले दोरावर. हिल्याकाकूंनी हातातल्या पातेल्याने काकांच्या पाठीत एक हाणली आणि मग त्याच पातेल्यात तोंड लपवलं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला खिशातून काढलं आणि तिथेच बर्फावर उभं राहून वाचलं. चार मिनिटं लागली. आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबाने मला इर्मेलीइतक्या सावकाश वाचलं होतं. मग ते तिच्यापुढे वाकून उभे राहिले.

"उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना काय म्हणालीस?"

"तुम्ही ते विचारलंच नव्हतं."

"आता विचारतो."

इर्मेलीने खूप वेळ घेतला. कोणीही घड्याळ पाहिलं नाही. "की आपल्या गावात खराट्याचं कुलूप चालतं," ती म्हणाली. "कारण सगळे तो वाचतात."

माझी मध्यवर्ती कल्पना मला त्या दिवशी कळली, मित्रांनो. जन्मानंतर नऊ वर्षांनी, एका गोठलेल्या तळ्यावर. स्वच्छता नव्हे. भरवसा.

यालमारी काकांच्या घरी कॉफी झाली. बुडालेल्या माणसाने स्वतः ओतली. साहेबांनी आपल्या कागदावरची फुली खोडली आणि त्याखाली लिहिलं, 'मुलगी सावकाश वाचते. तिला घाई करू नये.' मग लेम्पीबाईंकडून शाळेतली उत्तरपुस्तिका मागवून घेतली आणि तेविसाव्या ओळीवर पेन्सिलने आडवी रेघ मारली. पुस्तिका पुढे आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. इर्मेलीची आई दारात उभी होती. तिने साहेबांना गोड पावाचा तुकडा वाढला. तो नको तितका मोठा होता आणि त्यांनी तो सगळा संपवला.

आता मी म्हातारा झालो आहे. कोपरे मऊ पडले आहेत आणि मांजराच्या दुधावर कुणाच्या तरी कॉफीचा डाग आहे. शाळेत नवी पुस्तकं आली, आमचं खोकं गावच्या सभागृहातल्या कपाटात गेलं. माझी एकच विनंती आहे. आम्हा जुन्या उताऱ्यांना कपाटात ठेवा, हरकत नाही, पण बाहेर काढाल तेव्हा सावकाश वाचा. उत्तरपुस्तिका नंतर उघडा. आणि दार वाजवण्याआधी दाराकडे एकदा नीट बघा. अनेकदा उत्तर तिथे टेकवून ठेवलेलं असतं.

इर्मेली आता पांढऱ्या केसांची आहे. अजूनही सावकाशच वाचते. दर उन्हाळ्यात येते, नातवंडांना माझ्यापुढे बसवते आणि चार मिनिटं एक शब्द बोलत नाही. मग मला खोक्यात ठेवते आणि कपाट लावते. कपाटाला कुलूप नाही. जाताना ती कोपऱ्यातला खराटा उचलते आणि कपाटाच्या दाराला तिरका टेकवते.

मी तो फटीतून वाचतो. आणि निर्धास्त झोपतो. ती परत येणार आहे.