मेसरेतचा घास

"उद्या तोंडातून मस्कत निघालं तर बघ," तुळजाबाई म्हणाली. तुळजाबाई माझी सासू. मी आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवत होते. "पोराची आई, ती गुरम्मा, लई चौकस बाई हाय. इचारलं तर नांदेड म्हणायचं. होस्टेलवर नोकरी. बस्स."

"आणि खोटं पकडलं तर?"

"तू गप बसलीस तर कशाला पकडतंय?"

दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या होती. आमच्या लातूर जिल्ह्यात येळवसेला घरात कुणी थांबत नाही. भांडीकुंडी डोक्यावर घेऊन शेतात जायचं. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, त्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खायचे. बांधावरून अनोळखी माणूस चालला तरी त्याला हाताला धरून बसवायचं. त्या दिवशी जेवायला कुणी नाही म्हणत नाही. म्हणूनच सासूनं माझ्या वर्षाराणीला बघायला उदगीरच्या लोकांना येळवसेचं आवतण दिलं होतं. रेणापूरच्या शेतात, हरभऱ्यात उभी राहिली की पोरगी उजळ दिसते म्हणे.

वर्षाराणी माझी एकुलती एक. नांदेडला राहून बी.एस्सी. केलं. बघायला येणारा मुलगा सत्यम तिथंच नोकरीला. तिला तो बरा वाटला होता, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मान डोलावली.

आता मस्कतचं सांगते. माझा नवरा भुजंग नांदेडात ऑटो चालवायचा. ऑटो उलटला, कंबर मोडली, माणूस खाटेला खिळला. घरात दुसरं कमावतं कुणी नाही. मी मस्कतला एका घरी कामाला गेले. धुणं, भांडी, स्वयंपाक आणि मालकाच्या आईचं हगणं-मुतणं. तीन वर्षं. भुजंगच्या कमरेत जी सळई आहे ती त्या धुण्याभांड्यातून आलेली आहे. आणि गावाला काय सांगितलं? शिवकांता नांदेडला होस्टेलवर लागली. का? तर आखातात गेलेल्या बाईबद्दल लोक काय बोलतात ते आमच्या घरच्यांना चांगलं माहीत होतं. तेच तर बोलायचे, दुसऱ्यांच्या बायकांबद्दल.

आमच्या गल्लीतले पंचाक्षरी गुरुजी टूरबरोबर आठवडाभर सिंगापूरला जाऊन आले. वर्ष झालं, त्यांच्या नूडल्स अजून संपेनात. दिसेल त्याला थांबवून फोटो दाखवतात. लोक चहा पीत ऐकतात, वा गुरुजी म्हणतात. मी तीन वर्षं राहून आले आणि मला एका घासाचं नाव काढायची परवानगी नाही. वर्षानं एकदा विचारलं, "आई, तिथं काय खायचीस गं?" मी तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "भिंतीला कान असतेत, पोरी."

काय खायचे? उरलेलं खायचे. उभ्यानं. पण शुक्रवारी मालक बाहेर गेले की मेसरेत तवा ठेवायची. मेसरेत इथिओपियाची, माझ्यासोबत कामाला होती. तिच्या देशातलं धान्य तिथं महाग मिळायचं, म्हणून ती ज्वारीचं पीठ आणायची. आपली ज्वारी! पीठ पाण्यात कालवून दोन-तीन दिवस आंबवायचं, मग तव्यावर गोल ओतायचं आणि झाकण ठेवायचं. उलटायचं नाही. वरून नुसती भोकं भोकं, मधमाशांच्या पोळ्यासारखी. त्याला ती इंजेरा म्हणायची. त्यावर हरभऱ्याच्या पिठाचं लाल, तिखटजाळ पिठलं. एकाच ताटाभोवती बसायचं, आणि आधी आपण खायचं नाही. पहिला घास शेजारणीच्या तोंडात घालायचा, तिला आ करायला लावून.

पहिल्या वेळी तिनं घास माझ्यासमोर धरला तेव्हा मला वाटलं, ही बाई माझी चेष्टा करायली. मी घ्यायला हात पुढं केला. तिनं माझा हात खाली दाबला. लग्नात भुजंगनं जिलबीचा तुकडा भरवला होता, तेवढाच. त्यानंतर मी फक्त वाढत आले. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या बुडातलं खरवडत आले. मेसरेतचा घास खाल्ला आणि मला रडू फुटलं. ती बिचारी पाणी घेऊन धावली. तिला वाटलं, तिखट लागलं.

येळवसेला मी दोन गाडगी शेतात नेली. सासूला वाटलं, दोन्हीत आंबील. आंबट वास तर सारखाच. कुणाला काही सांगायचं असं तेव्हा माझ्या मनात नव्हतं. आपलं आपण करावं, खावं, एवढंच.

पाहुणे आले. गुरम्मा, तिचा नवरा मलप्पा आणि सत्यम. पूजा झाली, पंगत बसली. भज्जीची चव घेत गुरम्मानं विचारलं, "पोरीची आई नांदेडला कुठं होती म्हणं?"

"श्रीनगरला," सासू म्हणाली.

"वजिराबादला," त्याच दमात भुजंग म्हणाला.

मलप्पा हसला. "येवढं मोठं होस्टेल हाय व्हय? निम्मं हिकडं, निम्मं तिकडं?"

"आधी हितं, मंग तितं," सासूनं सावरलं. "बदली झाली न्हाई का."

"काय होत्या तितं?"

"मॅनेजर," भुजंग म्हणाला.

"मॅनेजर?" गुरम्मानं माझ्या हाताकडं पाहिलं. "हात तर आमच्या धुणंवालीवानी हायती."

वर्षाराणी मान खाली घालून भाकरीचा तुकडा चिवडत होती. मी तिच्याकडं पाहिलं. उद्या हिचं लग्न झालं की ही बाई दर सणाला विचारणार, आणि माझी पोर दर सणाला आपल्या आईचं होस्टेल बांधत बसणार. आज एक खोली, उद्या एक मजला.

मी उठले. चुलीवरची खीर उतरवली, तवा ठेवला आणि दुसऱ्या गाडग्यातलं पीठ गोल ओतलं.

"हे काय करायलीस?" सासू ओरडली.

"मस्कतला खात होते ते."

मलप्पाचा आंबिलीचा गिलास तोंडाजवळ तसाच थांबला.

"मी नांदेडला नव्हते, गुरम्माअक्का. मस्कतला होते. हात बरोबर ओळखले तुम्ही. लोकांच्या घरी धुणं धुतलं तिथं."

"एकटी?"

"एकटी. नवरा खाटेवर होता. खाटेसकट कसा नेणार?"

मलप्पा फिसकन हसला. बायकोनं डोळे वटारले.

"तितं मटण-बिटण..." गुरम्मानं वाक्य अर्धंच सोडलं.

"शिजवलं. रोज शिजवलं. खाल्लं का, ते या पाच दगडांना सांगेन. तुम्हाला नाही."

"आमच्यात बाया आसं जात न्हाईत."

"मग तुमच्यात कंबर कुणाची मोडत नसेल."

"शिवकांता, गप!" भुजंग म्हणाला.

"तुमी आधी उठून उभे राहा, मग गप म्हणा. राहता येतंय ना उभं? कशामुळं येतंय, ते सांगा पाहुण्यांना."

भुजंग मिठाचा खडा बोटानं ताटात फिरवत बसला.

तव्यावर भोकं उमटली. मी इंजेरा ताटात काढला, त्यावर घरून केलेलं लाल पिठलं ओतलं. एक तुकडा तोडला, पिठल्यात गुंडाळला आणि गुरम्माच्या तोंडासमोर धरला.

"ज्या बाईनं हे शिकवलं तिच्यात रीत आहे, अक्का. पहिला घास दुसऱ्याच्या तोंडात. आणि आज येळवस हाय. आज कुणी नाही म्हणत नाही."

गुरम्मानं मान मागं घेतली. "बेडा, बेडा." चिडली की तिचं नाही कानडीतून येत असावं.

मी हात मागं घेतला नाही.

मलप्पानं तेवढ्यात ताटातल्या इंजेराचा कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला होता. "आगं, आंबील भाजल्यावानी लागतंय की. चांगलं हाय."

"उठा!" गुरम्मा म्हणाली.

मी सत्यमकडं पाहिलं. वर्षाही त्याच्याकडंच बघत होती. काही तरी बोलेल, आई थांब म्हणेल, निदान मान वर करेल. पोरगा मोबाईलमध्ये बघत होता. आमच्या शेतात रेंज येत नाही.

गुरम्मानं पदर झटकला, चपला घातल्या. "बरंय. आम्ही कळवतो."

आम्ही कळवतो म्हणजे काय, हे आमच्याकडं सात वर्षांच्या पोरीलाही कळतं. सासूनं कपाळाला हात लावला. माझा हात तसाच हवेत होता, पिठलं मनगटावरून ओघळत होतं.

वर्षाराणी उठली. माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं मोठ्ठा आ केला. मी घास घातला. तोंड भरलेलं असतानाच ती वळून म्हणाली,

"आमीबी कळवतो."

सत्यमनं तेव्हा मान वर केली. उशीर झाला होता.

पाहुणे बांधापलीकडं गेले तशी सासू सुरू झाली. माझं माहेर काढलं, माझी आई काढली, मस्कतचा तर उद्धार केला. करू दे. निदान नाव तरी मोठ्यानं घेतलं.

मी तव्यावर पुन्हा पीठ ओतलं. गाडगं अजून अर्धं भरलेलं होतं. बांधावरून एक माणूस पंक्चर मोटारसायकल ढकलत चालला होता. कुठला कोण, माहीत नाही.

"ओ दादा," मी हाक मारली, सासूला ऐकू जाईल एवढ्या जोरात. "या जेवायला. मस्कतचं हाय!"